जलबुरशी आणि गोव्यातील बागायत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस सुरू झाला की सत्तरी, सांगे, फोंडा आणि काणकोणच्या कुळागरांतून (पोफळी-माडांच्या मिश्र बागांतून) दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. सुपारी हिरवीच का गळते, मिरीची वेल चार दिवसांत का कोमेजते, रोपवाटिकेतील मिरचीची रोपे एका रात्रीत आडवी का होतात? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या पिकांचे दिसतात, परंतु त्यांच्या मुळाशी एकाच कुळातील सूक्ष्मजीव असतात. त्या कुळाची ओळख झाली की अर्धे उपाय आपोआप सुचतात, म्हणून उत्तरांची सुरुवात तेथूनच केली आहे.

जलबुरशी म्हणजे नेमके काय? ती खरी बुरशी असते का?

नसते. दिसायला ती बुरशीसारखी असते, धाग्यांसारखी वाढते, बीजाणूंनी पसरते आणि कुजणाऱ्या भागावर पांढरा कापूस पसरल्यासारखी दिसते. त्यामुळे दीर्घकाळ तिची गणना बुरशीतच केली गेली. परंतु खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा मुख्य घटक असतो, तर जलबुरशीच्या भित्तिकेत सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. वंशावळीच्या दृष्टीने तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रातील तपकिरी शेवाळ आणि डायटम ही सूक्ष्म शैवाले. शास्त्रीय भाषेत या गटाला ऊमायसिटीज म्हणतात. फायटोफ्थोरा, पिथियम, केवडा रोगाच्या विविध जाती आणि पांढऱ्या तांबेऱ्याची अल्ब्युगो हे सगळे याच गटातले.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. बुरशीनाशक म्हणून दुकानात मिळणारी अनेक औषधे खऱ्या बुरशीच्या शरीररचनेवर नेम धरून तयार केलेली असतात, आणि जलबुरशीत तो नेमच चुकतो. कार्बेन्डाझिम हे त्याचे ठळक उदाहरण. ट्रायअझोल गटातील औषधे बुरशीची अर्गोस्टेरॉल तयार करण्याची प्रक्रिया रोखतात. फायटोफ्थोरा आणि पिथियम मुळात स्टेरॉल स्वतः तयारच करत नाहीत, त्यामुळे तेथे रोखण्यासारखे काही उरत नाही.

ती फक्त पाण्यातच राहते का?

काही जाती खरोखरच तळ्यांत आणि ओढ्यांत राहतात व मेलेल्या पानांवर किंवा आजारी माशांवर वाढतात. पिकांना त्रास देणाऱ्या बहुतेक जाती मात्र जमिनीत, मुळांवर किंवा पानांवर राहतात. पाणी हे त्यांचे घर नसून वाहन आहे. ओलावा मिळाला की त्यांच्या बीजाणुधान्या फुटतात आणि प्रत्येकीतून अनेक चलबीजाणू बाहेर पडतात. या चलबीजाणूंना दोन सूक्ष्म शेपट्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते मातीच्या कणांमधील पाण्यात अक्षरशः पोहतात. मुळांतून पाझरणाऱ्या शर्करा आणि अमिनो आम्लांचा माग काढत ते मुळापर्यंत पोहोचतात, तेथे शेपट्या टाकून देतात, स्वतःभोवती कवच तयार करतात आणि कोंब काढून मुळात शिरतात. हे सारे काही तासांत घडू शकते.

प्रतिकूल काळासाठी यांपैकी अनेक जाती जाड भिंतीचे अंडबीजाणू तयार करतात. ते मातीत काही वर्षे टिकू शकतात, म्हणूनच एकदा रोग आलेल्या वाफ्यात पुढच्या वर्षी तेच पीक घेतले तर तोच रोग पुन्हा डोके वर काढतो.

गोव्यात हा त्रास इतका का जाणवतो?

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सत्तरी आणि सांगे या तालुक्यांत तो याहूनही अधिक असतो. त्यात आपल्या कुळागराची रचना अशी की पोफळी, माड, केळी, जायफळ आणि पोफळीवर चढवलेली मिरी ही पिके एकमेकांच्या सावलीत, बहुधा ओहोळाच्या काठी वा डोंगराच्या कुशीत, पाटाच्या पाण्यावर वाढतात. उन्हाळ्यात हीच रचना बागेला जगवते. पावसाळ्यात मात्र झाडांखालची हवा कित्येक दिवस कोरडी होत नाही आणि जलबुरशीला याहून अधिक काही लागत नाही. कुळागराची पद्धत चुकीची आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ती आपल्या पूर्वजांच्या जलज्ञानाची देणगी आहे. फक्त त्या पद्धतीत उन्हाळ्यात पाणी आणणाऱ्या पाटाइतकेच महत्त्व पावसाळ्यात पाणी बाहेर काढणाऱ्या चराला होते, आणि दुर्लक्ष नेमके त्या चराकडे होऊ लागले आहे.

सुपारीचा कोळे रोग कसा ओळखावा?

कोळे रोग हे नाव कन्नडमधून आले आहे. तेथे ‘कोळे’ म्हणजे कुजणे. त्याला कारण ठरणारी जलबुरशी म्हणजे फायटोफ्थोरा मीडी. पाऊस सुरू झाल्यानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी हिरव्या सुपारीच्या देठाकडील भागावर गडद हिरवा, पाणी मुरल्यासारखा डाग दिसतो. डाग पसरत जातो, सुपारीचा तजेला जातो आणि ती गळून पडते. जमिनीवर पडलेल्या सुपारीवर एक-दोन दिवसांत पांढरी लव चढते. ही लव हीच सर्वांत भरवशाची खूण. ऊन-पावसाचा खेळ चालू असेल, हवेत नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता असेल आणि तापमान २० ते २३ अंशांच्या आसपास असेल, तर रोग झपाट्याने पसरतो.

सुपारी गळण्याची सगळीच कारणे ही नव्हेत. अन्नद्रव्यांची कमतरता, कीड किंवा उन्हाळ्यातील पाण्याचा ताण यांमुळेही फळे गळतात, पण तेव्हा देठाकडचा पाणचट डाग आणि नंतरची पांढरी लव दिसत नाही. फवारणीचा खर्च करण्याआधी गळलेल्या दहा-वीस सुपाऱ्या उचलून ओल्या फडक्यात एक दिवस ठेवून पाहाव्यात.

दुर्लक्ष झाल्यास रोग घोसातून शेंड्याकडे सरकतो. शेंडा कुजला की पोफळ वाचत नाही, आणि पंधरा-वीस वर्षे जोपासलेले झाड पाहता पाहता ओंडका होऊन उभे राहते. सुपारी गेली तर एका हंगामाचे नुकसान होते, शेंडा गेला तर एका पिढीच्या कष्टांचे होते.

कोळे रोगावर फवारणी केव्हा करावी?

पाऊस सुरू होण्याआधी. या एका वाक्यावर सर्व काही अवलंबून आहे. पहिली फवारणी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या अगदी आरंभी, घोस कोरडे असताना, एक टक्का बोर्डो मिश्रणाने (मोरचूद आणि चुन्याचे द्रावण; कृती पुढच्या प्रश्नात) करावी. दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून करावी. पाऊस लांबला तर तिसरीही लागते. बोर्डो मिश्रण आत शिरलेला रोग बरा करत नाही, ते सुपारीच्या सालीवर तांब्याचे कवच चढवते. कवच लढाईच्या आधी चढवायचे असते. घोसाच्या सर्व बाजू भिजल्या पाहिजेत, आणि पावसाने औषध धुतले जाऊ नये म्हणून राळ व धुण्याचा सोडा एकत्र उकळून केलेला चिकटा त्यात मिसळण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

पोफळीवर चढणारे कुशल हात आता कमी झाले आहेत आणि मे महिन्यात त्यांच्यामागे सगळेच धावतात. म्हणून एप्रिलमध्येच त्यांच्याशी दिवस ठरवून घ्यावा. जेथे झाडे बुटकी किंवा मोजकीच आहेत तेथे घोसांवर प्लास्टिकच्या पिशव्या, खालचे तोंड उघडे ठेवून, बांधता येतात. पूर्वी हेच काम विरीने (पोफळीच्या पानाच्या रुंद देठावरणाने) आणि गवताच्या झडपांनी केले जाई.

गळलेली सुपारी झाडाखाली कुजू देऊ नये. ती वेचून बागेबाहेर जाळावी किंवा खोल पुरावी. रोगट घोस आणि पावसाळ्यात मेलेल्या झाडांचे शेंडेही काढून टाकावेत, कारण पुढच्या मृगातल्या रोगाचे बी तेथेच राहते.

बोर्डो मिश्रण घरी कसे तयार करावे?

शंभर लिटर मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चांगला कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. तो खडा असेल तर फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत ठेवल्यास सकाळपर्यंत विरघळतो. दुसऱ्या भांड्यात चुना थोड्या पाण्यात विरवून, गाळून, त्याचे द्रावण ५० लिटर करावे. दोन्ही द्रावणे गार झाल्यावर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात हळूहळू, सतत ढवळत ओतावे. चुना मोरचुदात ओतू नये. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडी असावीत, लोखंडाची किंवा जस्ताची कधीही नसावीत.

तयार मिश्रणाचा रंग आकाशासारखा निळा असतो. त्यात घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे राहिले आहे असे समजावे आणि थर येणे थांबेपर्यंत चुन्याचे पाणी थोडे थोडे घालावे, अन्यथा कोवळ्या सालीला इजा होते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण झाडाला चिकटत नाही. जखमांवर लावायच्या दहा टक्के मलमासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चुन्याला पाणी फक्त १० लिटर घ्यावे.

या मिश्रणाचा जन्म फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातला. रस्त्याकडेची द्राक्षे लोकांनी खाऊ नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्याने ही कृती प्रसिद्ध केली.

मिरीची वेल अचानक का मरते?

हा बहुधा फायटोफ्थोरा कॅप्सिसीमुळे होणारा शीघ्र मर रोग असतो. आरंभी खालच्या पानांवर झालरीसारख्या कडा असलेले काळे ठिपके दिसतात. पाने गळू लागतात, जमिनीलगतचे खोड काळे पडून कुजते आणि दोन-तीन आठवड्यांत वेल सुकते. पाने हिरवी असतानाच गळू लागली तर खोडाचा तळ बोटाने खरवडून पाहावा. साल सहज सुटून आतून काळपट, ओलसर भाग दिसला तर निदान झाले असे समजावे.

रोग बहुतेक वेळा जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांतून वर चढतो. पावसाचा थेंब मातीवर आपटला की मातीसोबत बीजाणूही उडतात आणि सर्वांत आधी या फांद्यांवर पडतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या छाटाव्यात किंवा आधाराला बांधून घ्याव्यात. वेलीच्या बुंध्याशी आळे करून पाणी साठवण्याची सवय पावसाळ्यात घातक ठरते. मातीची भर देऊन बुंधा उंच ठेवावा आणि पाणी बाहेर काढावे. बुंध्याजवळ खणू नये, मुळांना झालेली प्रत्येक जखम हे रोगाला उघडे दार आहे. आधारवृक्षाच्या फांद्या मेमध्ये छाटल्यास ऊन आणि वारा आत येतो. नवी लागवड करणाऱ्यांनी कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने दिलेल्या ‘शक्ती’ आणि ‘थेवम’ या सहनशील जातींचा विचार करावा. सहनशील म्हणजे अभेद्य नव्हे, पण निचरा चांगला असेल तर त्यांचा फरक जाणवतो.

माडाचा कोंब कुजला तर तो वाचतो का?

लवकर लक्षात आले तर वाचू शकतो. फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा ही जलबुरशी माडाच्या मधल्या कोवळ्या पानावर हल्ला करते. ते पान आधी फिकट पिवळे, मग तपकिरी होते आणि ओढले तर सहज हातात येते. तळाशी दुर्गंधी सुटलेली असते. बाहेरची चुडते (झावळ्या) कित्येक महिने हिरवी राहतात, त्यामुळे घरमालकाला वाटते की माड ठीक आहे. कोवळे माड अधिक बळी पडतात.

रोग आढळताच पाडेलीकडून (माडावर चढून नारळ काढणाऱ्याकडून) कुजलेला सर्व भाग निरोगी पेशी लागेपर्यंत कापून काढावा, त्यावर दहा टक्के बोर्डो मलम लावावे आणि नवा कोंब येईपर्यंत पाणी शिरणार नाही अशा रीतीने प्लास्टिकने झाकून ठेवावे. आजूबाजूच्या माडांच्या शेंड्यांवर एक टक्का मिश्रण फवारावे. गेंडाभुंग्याने केलेली हानी यापासून वेगळी ओळखावी: तेथे पान उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी दिसते आणि कोंबाशी भोक व चोथा आढळतो. तरीही भुंग्याची जखम पुढे कुजू शकते, हे ध्यानात असावे.

मिरचीची रोपे वाफ्यात एका रात्रीत कोलमडतात. काय करावे?

हा पिथियमचा, कधी फायटोफ्थोराचा प्रताप असतो. जमिनीलगत रोपाची मान पाणचट होऊन बारीक होते आणि रोप आडवे पडते. खोलाची मिरची असो वा हरमलची, हंगामाचे भवितव्य या पंधरा-वीस दिवसांत ठरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या वाफ्यात असे झाले तेव्हा एका दुकानदाराने कार्बेन्डाझिम दिले. मी ते दोनदा ओतले आणि तिसऱ्या दिवशी वाफा रिकामा झाला. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण आम्हा दोघांनाही ‘बुरशी’ हा एकच शब्द ठाऊक होता. त्या वाफ्याने मला हा विषय नीट शिकायला लावले.

खरा उपाय बी पेरण्याआधीचा आहे. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरावे व कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवावे. आपल्या उन्हाळ्यात वरच्या थरातील बरेच रोगजंतू त्या उष्णतेने मरतात. गादीवाफा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच करावा, बी दाट पेरू नये, पाणी सकाळी आणि बेताने द्यावे. रोपे पडू लागली तर पाणी थांबवून कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब वेष्टनावरील प्रमाणात मातीत द्यावे.

भुरी आणि केवडा यांत फरक काय?

भुरी ही खरी बुरशी आहे. ती पानाच्या वरच्या बाजूवर पिठासारखी दिसते आणि कोरड्या हवामानातही येते. केवडा हा जलबुरशीचा रोग आहे. तवशी (काकडी), दोडकी, कारली यांच्या पानांवर वरून शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनदार पिवळे डाग दिसतात, आणि पहाटे पान उलटून पाहिले तर त्याच डागांखाली करडी-जांभळट लव आढळते. गंधक भुरीवर चालते, केवड्यावर चालत नाही. पान उलटून पाहण्याची सवय लावली तर निम्मा औषधखर्च वाचतो.

अळू आणि तांबड्या भाजीवरही जलबुरशी येते का?

येते. अळवावर फायटोफ्थोरा कोलोकेसी येते. पानावर तपकिरी वर्तुळे, त्यांत एकात एक कडी आणि कडेला नारिंगी थेंब दिसतात. पुढे पानाला भोके पडतात. समोआ बेटांवर हाच रोग १९९३ मध्ये पोहोचला आणि तेथील मुख्य अन्न व निर्यात असलेले अळकुडीचे पीक अल्पावधीत कोसळले. आपल्याकडे परसातील अळू इतके महत्त्वाचे नसले, तरी चतुर्थीच्या तोंडावर सगळी पाने करपलेली पाहणे वेदनादायक असते. रोगट पाने लगेच खुडावीत, झाडे विरळ ठेवावीत आणि रोगट जागेतील कंद लागवडीसाठी घेऊ नयेत. भाजीसाठी डाग नसलेली पानेच निवडावीत.

तांबड्या भाजीच्या पानाखाली दिसणारे पांढरे फोड म्हणजे पांढरा तांबेरा. नावात तांबेरा असला तरी तो खरा तांबेरा नव्हे, तीही जलबुरशीच. खाण्याच्या पाल्यावर औषध फवारण्यापेक्षा जागा बदलून नवे बी पेरणे उत्तम.

आले आणि हळद?

पिथियममुळे गड्डे मऊ होऊन कुजतात व पाने कडांकडून पिवळी पडतात. निरोगी बेणे, लागवडीपूर्वी लिटरला ३ ग्रॅम मॅन्कोझेबच्या द्रावणात अर्धा तास बुडवणे, उंच वाफे आणि पिकाची फेरपालट हेच उपाय आहेत. कुजलेल्या वाफ्यातील पाणी निरोगी वाफ्यात वाहू देऊ नये.

जगात या रोगांनी केवढे नुकसान केले आहे?

आयर्लंडचे उदाहरण पुरे आहे. १८४५ पासून बटाट्यावर आलेल्या ‘उशिराचा करपा’ या जलबुरशीच्या रोगाने गरिबांचे एकमेव अन्न कुजवले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला. रोग हे निमित्त होते; एकाच पिकावर जगण्याची सक्ती आणि राज्यकर्त्यांची अनास्था यांनी त्याचा दुष्काळ केला. त्या काळी अनेकांचा समज होता की रोगट बटाट्यावर दिसणारी लव कुजण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ती कारणच असल्याचे दाखवले आणि १८७६ मध्ये तिला फायटोफ्थोरा हे नाव दिले. त्याचा ग्रीक अर्थ वनस्पतींचा नाश करणारी.

दरवर्षी एकच औषध वापरले तर चालते का?

मेटॅलॅक्सिलसारखी आंतरप्रवाही औषधे वनस्पतीच्या आत शिरून काम करतात, म्हणून ती प्रिय ठरतात. परंतु ती जलबुरशीच्या एकाच प्रक्रियेवर घाव घालतात. हे औषध १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि १९८० च्या सुमारास युरोपातील बटाट्याच्या शेतांत त्याला न जुमानणारे प्रकार दिसूही लागले. म्हणूनच ते मॅन्कोझेबबरोबर मिसळून विकले जाते. एका हंगामात त्याच गटाचे औषध पुन्हा पुन्हा देऊ नये. तांब्याला असा प्रतिकार सहजासहजी निर्माण होत नाही, मात्र तांबे जमिनीत साठत जाते व गांडुळांना अपाय करते, गरजेपुरतेच फवारावे.

ट्रायकोडर्मा (रोगकारकांना रोखणारी मित्रबुरशी) उपयोगी पडतो का?

पडतो, पण प्रतिबंधासाठी. चांगल्या कुजलेल्या शेणखतात तो वाढवून पावसाच्या आरंभी मिरी, आले आणि रोपांच्या मुळांशी द्यावा. तांब्याचे औषध जमिनीत ओतल्यानंतर लगेच तो देणे व्यर्थ आहे.

रोगट झाडाला हात लावल्याने माणसाला काही होते का?

पिकांवरील या जलबुरशी माणसाला बाधत नाहीत. मोरचूद मात्र बाधते. फवारताना हातमोजे, चष्मा आणि तोंडावर फडके असलेच पाहिजे.

तपासणीसाठी नमुना कसा न्यावा?

पूर्ण कुजलेला भाग नेऊ नये, कारण त्यात मूळ रोगकारकाऐवजी नंतर आलेले सडवे जिवाणूच सापडतात. जेथे निरोगी आणि रोगट भाग एकमेकांना भिडतात तो तुकडा घ्यावा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावा आणि शक्यतो त्याच दिवशी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत पोहोचवावा. मिरी किंवा आल्यासाठी मुळांभोवतीची मूठभर ओलसर मातीही वेगळ्या पिशवीत घ्यावी, आणि कागदावर पीक, वय, पहिले लक्षण दिसल्याची तारीख व त्याआधी दिलेली औषधे लिहून सोबत ठेवावीत. वाटेत पिशवी गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये.